मागांच्या गावातला रत्तलाचा केक

भिवंडीला कुणी हौसेनं जात नाही. लग्न होऊन मुली येतात, सूत विकणारे आणि कापड उचलणारे व्यापारी येतात, मागावर काम करायला दूरदूरच्या गावांहून माणसं येतात, आणि हल्ली गोदामांतला माल न्यायला ट्रकवाले येतात. पण "चला, दोन दिवस भिवंडी बघून येऊ या" असं म्हणणारं माणूस मला तरी अजून भेटायचं आहे. वज्रेश्वरीच्या दर्शनाला किंवा गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाताना एस.टी.च्या खिडकीतून दिसेल तेवढं गाव लोक बघतात, नाकाला पदर लावतात आणि पुढं जातात.

माझं सासर भिवंडीचं. त्यामुळं हे गाव मी खिडकीतून नाही, स्वयंपाकघरातून पाहिलं. आणि स्वयंपाकघरातून पाहिलेल्या गावाची ओळख काही वेगळीच असते, हे सासरी नांदलेल्या बाईला सांगायला नको. आज मी तुम्हाला भिवंडीच्या केकबद्दल सांगणार आहे. भिवंडी म्हटलं की कापड आठवावं, केक कसला आठवायचा, असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, वाचा तर खरं. शेवटी कृतीही देणार आहे. संत्र्याच्या रसात मुरलेला, तीन-चार दिवस मऊ राहणारा केक, आणि तोसुद्धा ओव्हन नसला तरी चालेल असा.

गावाला जायचं कसं, ते आधी सांगते. भिवंडी ठाण्याहून पंधराएक किलोमीटरवर, आणि कल्याणहून त्याहूनही जवळ. तरी मुंबईच्या लोकलचा मोठा मार्ग गावाला शिवतसुद्धा नाही. वसई-दिवा मार्गावर 'भिवंडी रोड' नावाचं स्टेशन आहे, पण बहुतेक मंडळी ठाण्याला नाहीतर कल्याणला उतरून बस किंवा रिक्षा पकडतात. ठाण्याकडून निघालं की कशेळीचा खाडीपूल लागतो, मग काल्हेर, पूर्णा, राहनाळ. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा या वाटेवर भाताची खाचरं होती. आता दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. तुमच्या घरी जी खोकी पोस्टासारखी दारात येऊन पडतात, त्यांतली कितीतरी इथूनच निघालेली असतात. अंजूर फाटा ओलांडला की गावाचा आवाज सुरू होतो. खटखट, खटखट, खटखट. एका मागाचा आवाज असा ऐकूच येत नाही. गल्लीतल्या शेदोनशे मागांचा मिळून एक आवाज होतो, आणि तो भिंतीतून, जमिनीतून, जात्यातूनसुद्धा येतो. पहिले आठ दिवस मला झोप लागली नव्हती. नंतर अशी सवय झाली, की वीज गेली आणि माग थांबले म्हणजेच आमची तान्ही मुलं दचकून उठायची. भिवंडीच्या बायका मोठ्यानं बोलतात म्हणून बाहेरचे हसतात. त्या बिचाऱ्या भांडत नसतात, मागांच्या वर आवाज काढत असतात!

कामवारी नदीच्या काठचं हे गाव जुनं आहे. कोकणी मुसलमानांची घरं पूर्वापारची. त्यांची घरातली बोली ऐकाल तर निम्मीअधिक मराठीच वाटेल. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर इथं स्थिरावले. पद्मानगरात तेलंगणातून आलेली पद्मशाली मंडळी, त्यांच्या दारात सकाळी सुबक मुग्गू काढलेले. आसपासच्या गावांतून आगरी-कोळी, बाजारात गुजराती-मारवाडी पेढ्या, आणि जुन्या आळ्यांतून आमच्यासारखी मराठी घरं. हातमाग गेले, यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, आणि मग गिरण्यांचं पुष्कळसं काम इकडे वळलं. तेव्हापासून तर गल्ली म्हणून मागांशिवाय उरली नाही.

आता या सगळ्यात केक कुठून आला?

आमच्या सासूबाई त्याला 'रत्तलाचा केक' म्हणायच्या. इंग्रजीत ज्याला पाउंड केक म्हणतात, तोच हा. पाउंडाला आपल्याकडे जुना शब्द रत्तल. रत्तलभर पाव, रत्तलभर मटण असं आपल्या आज्या-पणज्या सर्रास म्हणायच्या. १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं आले, १९६२ पर्यंत ते सक्तीचे झाले, आणि स्वयंपाकघरातून रत्तल गेला. या केकचं नाव मात्र त्याच्या हिशेबावरून पडलं आहे: एक रत्तल लोणी, एक रत्तल साखर, एक रत्तल मैदा आणि एक रत्तल अंडी. चौघांचं वजन सारखं, म्हणजे पाठ करायला कृतीच नाही. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा तो विसरणार नाही. १७४७ साली लंडनात छापलेल्या हॅना ग्लास या बाईंच्या पाकपुस्तकात हा केक आहे, आणि मिश्रण तासभर हातानं फेटायला त्या सांगतात. बेकिंग पावडर त्या काळी नव्हतीच. जी काही हवा भरायची ती मनगटानं.

गंमत अशी, की स्वयंपाकघरातून हद्दपार झालेला रत्तल भिवंडीत अजून नांदतो आहे. कुठं? तर सुतात. आपण साडी घेताना "ऐंशीचं सूत, शंभराचं सूत" असं ऐकतो ना, तो काउंट रत्तलावर ठरतो. ८४० वारांची एक लडी, आणि एका रत्तलात अशा जितक्या लड्या बसतील तितका त्या सुताचा काउंट. म्हणजे चाळीसच्या सुताच्या चाळीस लड्या मिळून एक रत्तल. हिशेब केलात तर रत्तलभर वजनाचं ते सूत तीस किलोमीटरांहून लांब भरतं. भिवंडीहून ठाण्याला जाऊन परत यावं इतकं. सूत जितकं तलम, तितका काउंट मोठा. आमचे मामंजी सुताच्या व्यवहारातले. त्यांना 'पाउंड केक' हा शब्द समजावून सांगावा लागला नाही. "रत्तलाचा ना? मग माप चोख असणार," एवढंच ते म्हणाले म्हणे.

आमच्या घरात अंडं चालायचं, पण सासूबाईंच्या देवघरापासून दूर, मागच्या पडवीत. तिथंच पाट टाकून परातीत लोणी आणि साखर हाताच्या तळव्यानं फेसायची, आपण नानकटाईला फेसतो तशीच. आणि भाजायला? भाजायला बेकरीची भट्टी.

आज ज्या मुलींच्या घरी काचेच्या दाराचे ओव्हन आहेत त्यांना हे नवल वाटेल. पण आपल्या गावोगावी दिवाळी जवळ आली की बायका रवा, मैदा, तूप, साखर घरून मोजून न्यायच्या आणि नानकटाई बेकरीतून भाजून आणायच्या, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल. भिवंडीत तर ईद आणि दिवाळी मागंपुढं आल्या की भट्टीपुढं सगळ्या आळ्या-मोहल्ल्यांचे ट्रे रांगेत. आपला ट्रे ओळखायला कुणी मधोमध बदाम लावी, कुणी कडेला नखानं खूण करी. पावाची भाजणी आटोपली की लाकडाच्या भट्टीचा ताव उतरायला लागतो. पावाला कडक आच लागते आणि केकला मंद. म्हणून केकचा डबा पावाच्या मागून आत जायचा. त्या उतरत्या, चहूबाजूंनी सारख्या उबेत रत्तलाचा केक असा काही भाजून निघायचा, की मध्ये कच्चा नाही आणि कडेला करपलेला नाही. विजेवर चालणाऱ्या गावात विजेवाचून झालेला हा पदार्थ!

आता जी गोष्ट सांगते ती माझ्या मोठ्या जाऊबाईंची आहे. त्यांनी मला ती सांगितली, आणि "लिहायची असेल तर लिही, पण नावं घालू नकोस," असं बजावलं.

त्यांच्या मागच्या दाराला लागून एका कोकणी मुसलमान कुटुंबाचं घर होतं. त्या घरच्या थोरल्या बाईंना जाऊबाई 'आपा' म्हणायच्या, आणि आपा त्यांना 'वहिनी'. दोघींचे केक एकाच दिवशी भट्टीला जायचे, कारण घरचा मुलगा एकच खेप करायला राजी असे. आपांचा हात केकला चांगला. लिंबाची साल किसून साखरेत चोळायची युक्ती जाऊबाईंना त्यांनीच शिकवली. १९८४ सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला आपांकडून लिंबाच्या केकच्या फोडी आल्या, स्टीलच्या ताटलीत, वर जाळीचा रुमाल. ताटलीच्या काठावर आपांच्या यजमानांचं नाव कोरलेलं होतं, जसं आपण सगळ्या बायका भांड्यांवर घालून घेतो.

आपल्याकडे शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाहीत. काहीतरी घालूनच पाठवायची म्हणून जाऊबाईंनी ती घासून फळीवर ठेवली. आणि मग तो महिना उजाडला तसा मावळला नाही. मे १९७० मध्ये भिवंडी एकदा पेटली होती, ती मे १९८४ मध्ये पुन्हा पेटली. आठ-पंधरा दिवसांत काय काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांनी ते बोलावं. कर्फ्यू उठला तेव्हा आपांचं बिऱ्हाड नातेवाइकांकडे निजामपुऱ्यात गेलेलं होतं. मागच्या दाराला बाहेरून कुलूप. आणि आमच्या फळीवर ताटली.

जाऊबाई म्हणतात, "ती ताटली मी वापरली नाही आणि परतही करवेना. रिकामी कशी पाठवायची? आणि भरून पाठवायची तर काय घालून?" दिवाळी यायची, चकल्या-करंज्या व्हायच्या, ताटली खाली निघायची, पुसली जायची आणि पुन्हा वर जायची. निजामपुरा काही परमुलूख नाही, पायी जाता येईल इतकं जवळ. पण त्या वर्षांत गावातलं अंतर पावलांनी मोजलं जात नव्हतं. दोन्हीकडची माणसं आपापल्या बाजूच्या रस्त्यानं जायची. भट्ट्यासुद्धा वाटल्या गेल्या.

मग १९८८ नंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. गल्लोगल्लीची दोन्हीकडची साधी माणसं, दुकानदार, मागवाले, मास्तर, एकत्र बसायला लागली, आणि पोलीसही त्यांच्यात बसायला लागले. आमच्या भावोजींनाही एका बैठकीला बोलावणं आलं. तिथं त्यांची गाठ आपांच्या यजमानांशी पडली. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "बरे आहेत. तुझी चौकशी केली."

त्या १९८९ च्या दिवाळीत जाऊबाईंनी संत्र्याचा केक केला. चकली नाही, करंजी नाही. केक आला होता म्हणून केकच गेला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. लिंबाचा आलेला, संत्र्याचा गेला. धाकट्या दिरानं सायकलवरून ती ताटली निजामपुऱ्यात पोचवली. तासाभरात परत आला, हातात रिकामी पिशवी आणि तोंडी निरोप. जाऊबाईंना वाटलं होतं, आपा रडतील, काहीतरी मोठं बोलतील. निरोप असा होता: "वहिनींना सांग, केक बरा झालाय, पण कोरडा आहे. रस केक गरम असतानाच पाजायचा असतो. थंड केक पीत नाही."

जाऊबाई हे सांगताना आजही हसतात आणि हसता हसता डोळे पुसतात. पाच वर्षांनी आलेला निरोप, आणि त्यात केकची चूक! पण त्यांना तो हवा तसाच वाटला. "परक्या बाईचा केक कुणी नावं ठेवून खात नाही गं," त्या म्हणाल्या. पुढच्या ईदेला ताटली परत आली, अर्थात भरून. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबईत आगडोंब उसळला होता, तेव्हा भिवंडी शांत राहिली. ते केकमुळं झालं असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण त्या कमिट्यांतून जी दारं उघडली, त्यांतल्या एका दारातून एक ताटली गेली-आली, एवढं मला ठाऊक आहे.

तर आता कृतीकडे वळू या. आपांचा सल्ला लक्षात ठेवूनच ही दिली आहे.

साहित्य: लोणी २२५ ग्रॅम, पिठीसाखर २२५ ग्रॅम, मैदा २२५ ग्रॅम, मोठी अंडी ४ किंवा लहान ५, संत्री ३, कागदी लिंबू १, बेकिंग पावडर चहाचा १ सपाट चमचा, चिमूटभर मीठ (लोणी खारं असेल तर मीठ नको), पाकासाठी साखर मोठे ३ चमचे. हे झालं अर्ध्या रत्तलाचं माप. आठ इंची गोल आणि खोलगट डब्याला पुरतं.

वजनं नसली तर साधा तराजू घ्या. एका पारड्यात अंडी टरफलासकट ठेवा आणि दुसऱ्यात पाळीपाळीनं लोणी, साखर, मैदा तोलून घ्या. पारडं सरळ झालं की माप झालं. जुन्या बायका असंच करायच्या, आणि अंडी लहान-मोठी असली तरी केक चुकत नाही.

फळाबद्दल थोडं. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो आणि मृग बहार साधारण फेब्रुवारीपासून. मृगाची संत्री जास्त गोड, आंबियाची थोडी आंबट. केकला आंबट बरी. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि मऊ असते, त्यामुळं सोलल्यावर ती किसता येत नाही. संत्रं धुऊन, पुसून, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून, सोलण्याआधीच बारीक किसणीवर अलगद फिरवा. फक्त वरचा नारिंगी भाग यायला हवा. आतला पांढरा भाग आला की केक कडू झालाच म्हणून समजा. उन्हाळ्यात संत्री नसतात तेव्हा मोसंबी घ्या, पण तिची साल फार सौम्य, म्हणून सोबत एका लिंबाची साल जरूर किसा. नुसत्या लिंबाचाही केक सुरेख होतो. मात्र रस निम्माच घ्यायचा आणि बाकीची भर दुधानं करायची.

कृती: दोन संत्र्यांची आणि अर्ध्या लिंबाची किसलेली साल साखरेत घालून बोटांनी चोळा. साखर ओलसर आणि पिवळसर दिसायला लागेल. सालीतलं तेल साखरेत उतरल्याची ती खूण. स्वाद खरा या तेलात असतो, रसात आंबट-गोडपणा असतो. मग लोणी घाला आणि फेसा. हातानं फेसलंत तर वीस मिनिटं, यंत्रानं सात-आठ मिनिटं. मिश्रण पांढरट, हलकं आणि सायीसारखं व्हायला हवं. लोणी बोट दाबलं तर खड्डा पडावा इतपत मऊ असू द्या, पण वितळलेलं नको. वितळलेल्या लोण्यात हवा राहत नाही. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी लवकर उरका.

अंडी आधीच फ्रीजमधून काढून ठेवा. एकेक अंडं फोडून घाला आणि दर वेळी चांगलं फेटा. थंड अंडी एकदम घातली तर मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. तसं झालंच तर घाबरू नका, दोन चमचे मैदा घालून फेटा, जमून येईल. आता मैदा, मीठ आणि बेकिंग पावडर दोनदा चाळून तीन भागांत घाला, मधून मधून संत्र्याचा रस, एकूण मोठे तीन चमचे. इथून पुढं फेटायचं नाही, पळीनं खालून वर हलकेच मिसळायचं. मैदा जास्त ढवळला की तो चिवट होतो आणि केकचा पाव होतो.

डब्याला लोण्याचा हात लावून तळाशी कागद घाला. मिश्रण ओता, वरून सारखं करा, मध्ये किंचित खळगा ठेवा म्हणजे केक फार फुगून फुटणार नाही.

भाजणी: ओव्हन असेल तर १६० ते १७० अंश सेल्सिअसवर पन्नास मिनिटं ते एक तास. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या. तळाशी दोन बोटं स्वच्छ वाळू किंवा खडे मीठ पसरा, वर तिवई ठेवा, झाकण घालून मोठ्या आचेवर दहा मिनिटं तापवा. मग केकचा डबा आत ठेवून आच अगदी मंद करा आणि झाकणावर जड भांडं ठेवा. पंचावन्न ते सत्तर मिनिटं लागतात. पहिली चाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, कितीही वास सुटला तरी! प्रेशर कुकर यासाठी काही जणी वापरतात, पण पाण्यावाचून कोरडा तापवल्यानं चांगला कुकर खराब होतो. त्यापेक्षा जुनं पातेलं बरं. वाळूची ताटली आणि मध्ये नळी असलेलं ॲल्युमिनियमचं केकपात्र माळ्यावर पडलं असेल तर ते काढा. रत्तलाच्या केकला ते फार उत्तम, कारण मधल्या नळीमुळं केक आतूनही भाजतो.

विणायची स्वच्छ सुई मध्ये खुपसून बघा. कोरडी निघाली की लगेच उतरवा. पाच मिनिटं जास्त भाजलेला केक पुढं कितीही रस पाजला तरी ओला होत नाही.

पाक: केक भाजत असतानाच उरलेल्या संत्र्यांचा आणि अर्ध्या लिंबाचा मिळून अर्धी वाटी रस काढा, त्यात तीन चमचे साखर घालून मंद आचेवर फक्त विरघळवा. उकळू नका, उकळलं की ताज्या फळाचा वास जातो. केक बाहेर काढल्याबरोबर, डब्यातच, सुईनं वीस-पंचवीस भोकं पाडा आणि पाक चमच्या-चमच्यानं, तीन खेपांत, कडेपासून मध्याकडे घाला. गरम केक पितो, थंड केक पीत नाही. मग डब्यातच गार होऊ द्या आणि आठ-दहा तासांनी काढा.

घरचं लोणी वापरणार असाल तर ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन, पाणी नीट दाबून काढून मग तोला. तूप वापरायचं तर १८० ग्रॅम पुरे, कारण लोण्यात पाचवा हिस्सा जवळजवळ पाणी असतं आणि तुपात ते नसतं. त्याऐवजी मोठे दोन-तीन चमचे दूध जास्त घाला.

आणि अंडं न खाणाऱ्या घरांसाठी: ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, ११५ ग्रॅम लोणी, २२५ ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि साधारण पाऊण वाटी ते एक वाटी संत्र्याचा रस. यात साखर वेगळी नको. हा काही रत्तलाचा केक नव्हे, पण शेजारच्या घरी पाठवायचा तर शेजारच्या घरचं बघूनच करायला हवा.

भिवंडीत आता काय आहे म्हणाल, तर २००७ च्या जानेवारीत गावाचं वीजवितरण टोरंट पॉवर कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेलं. त्याआधीच्या वर्षांत महाराष्ट्रभर भारनियमन होतं, तेव्हा माग आणि मिक्सर दोन्ही तासन्‌तास गप्प असायचे. आता आमच्या आळीतल्या सुनांकडे छोटे ओव्हन आहेत. दोघी-तिघी तर वाढदिवसाचे केक करून विकतात. मागाचा धंदा बसला की घर चालवायला त्याचा आधार होतो. वर साखरेची फुलं, नावं, बाहुल्या असतात. चांगले असतात ते केक. पण दोन दिवस आधी केलेला, पाकात मुरलेला, काही सजावट नसलेला साधा केक त्या स्वतःच्या घरी करतात तेव्हा अजूनही रत्तलाचाच करतात.

केक दुसऱ्या दिवशी कापा, पहिल्या दिवशी नको. पाक मुरायला तेवढा वेळ लागतो. बोटभर जाड फोडी करा. घट्ट झाकणाच्या डब्यात थंडीत चार दिवस आणि उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर टिकतो, पुढं फ्रीजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी अर्धा तास काढा. अर्ध्या रत्तलाच्या सोळा फोडी होतात. घरात पाच माणसं असली तरी चार-सहा फोडी उरतातच. त्यांच्यासाठी एक ताटली आधीच काढून ठेवा.